‘आमाले आत जाऊ देतात काय?’

पहिल्या सहलीला मी वस्तीतली अठ्ठावीस मुले, सहा आया आणि एक आजी यांना घेऊन संग्रहालयात गेले आणि पन्नास मिनिटांत सगळ्यांसह बाहेर आले. ते संग्रहालय कोणते, हे मी येथे लिहीत नाही, कारण जे घडले ते कोणत्याही शहरातल्या कोणत्याही दालनात घडू शकले असते आणि त्यातला मोठा दोष माझ्या आखणीचा होता. तीन ते सात वर्षांच्या मुलांना मी शाळेच्या सवयीप्रमाणे दोन-दोनच्या रांगेत उभे केले होते. दुसऱ्याच दालनात एका चार वर्षांच्या मुलाने आतले नीट दिसावे म्हणून काचेला नाक आणि दोन्ही तळवे टेकवले, तेव्हा तिथला रखवालदार लांबूनच ओरडला. मुलगा दचकला. त्याच्या आईने लाजेने त्याच्या पाठीत धपाटा घातला, तो रडू लागला आणि त्या उंच छताच्या खोलीत रडण्याचा आवाज इतका घुमला, की इतर मंडळी वळून पाहू लागली. त्यानंतर प्रत्येक आईने आपापल्या मुलाचे मनगट घट्ट धरले आणि उरलेली सगळी दालने आम्ही काहीही न पाहता ओलांडली.

बाहेर झाडाखाली बसल्यावर मी म्हणाले, की मुले दमली असावीत. त्यावर सोबतच्या आजी शांतपणे म्हणाल्या, “पोट्टे थकले नाई जी, भेले.” त्या एका वाक्याने मला पुढचे वर्षभर कामाला लावले. त्या वर्षात आम्ही काय केले, काय चुकले आणि कशाचा उपयोग झाला, ते मी येथे नोंदवत आहे. लहान मुलांच्या कुटुंबांबरोबर असे काम करू पाहणाऱ्यांना त्यातले काही कामी यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. निवृत्तीनंतर उत्तर नागपुरातल्या आमच्या भागात एका समाजमंदिराच्या ओट्यावर दुपारचा खेळवर्ग चालवते. येणाऱ्या मुलांच्या आया बहुतेक धुणीभांडी, स्वयंपाक किंवा इमारतीच्या कामावर जातात. वडील ऑटो चालवतात, हमाली करतात, रंगकाम करतात. आमच्या वस्तीपासून कडबी चौकाजवळचे मोतीबाग येथील नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांवरच्या छोट्या रेल्वेचे संग्रहालय पायी गाठता येते. ते २००२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाले, म्हणजे माझ्या वर्गातल्या काही आया तेव्हा स्वतः लहान होत्या आणि त्याच परिसरात वाढल्या. तरीही त्यांच्यापैकी एकीनेही आत पाऊल टाकले नव्हते. फाटकावरून रोज जाणारी एक आई मला म्हणाली, “आमाले आत जाऊ देतात काय? आमाले वाटलं, रेल्वेतल्या साहेबलोकाईचं असंन.”

फसलेल्या सहलीनंतर दोन महिने मी कोणालाही कोठेही नेले नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून विचारत राहिले, की शहरात इतकी ठिकाणे असताना जाणे का होत नाही. गरीब माणसाला तिकीट परवडत नाही, म्हणून तो संग्रहालयात जात नाही, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात मागे पडली. आपल्या शहरातल्या या ठिकाणांचे तिकीट फार महाग नाही; पाच जणांच्या कुटुंबाला तिकिटापेक्षा ऑटोभाडे जास्त पडते. खरा खर्च वेळेचा असतो. चार घरची कामे करणारी बाई सकाळी सहाला बाहेर पडते, दुपारी एकच्या सुमारास घरी येते आणि चार वाजता पुन्हा निघते. तिच्या हाती दुपारचे तीन तास असतात, आणि नेमके तेच तीन तास लहान मुलाच्या झोपेचे असतात. ज्या घरात वडिलांना साप्ताहिक सुट्टी सोमवारी मिळते, त्यांची अडचण आणखी विचित्र, कारण सोमवारी बहुतेक संग्रहालये बंद असतात. रविवारी जायचे, तर तो आठवड्याचे पाणी, धुणे, राशन आणि बाजार यांचा दिवस असतो.

त्याखेरीज ऋतू आहे. जागतिक संग्रहालय दिन १८ मे रोजी असतो आणि त्या निमित्ताने जगभर कार्यक्रम होतात; पण नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना कडेवर मूल घेऊन बसथांब्यावर उभे राहा, असे मी कोणत्याही आईला सांगणार नाही. आमच्याकडे हे काम दिवाळीनंतर सुरू होते आणि फेब्रुवारीअखेर संपते. मुलांसाठी काही आखू पाहणाऱ्या संस्थांनी एवढे एक पंचांग लक्षात घेतले, तरी अर्धी गर्दी वाढेल, असे माझे मत आहे.

आणि मग ती भीती, जी आजींनी सांगितली. ती ऐकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण कोणीही ती सरळ बोलून दाखवत नव्हते. चप्पल बाहेर काढायची की नाही, पिशवी आत नेऊ देतात का, मुलाला शू लागली तर कोणाला विचारायचे, मूल मोठ्याने बोलले तर काय होईल, काही फुटले तर पैसे भरावे लागतील का, असे प्रश्न एकेक करून बाहेर आले. एका तरुण आईने तर विचारले, की आत गेल्यावर एखाद्या वस्तूविषयी मुलाने प्रश्न केला आणि तिला उत्तर आले नाही, तर लोक हसतील का. मी तीस वर्षे शिक्षिका होते. अडाणी ठरण्याची ही धास्ती वर्गात मी रोज पाहिली होती, पण तीच धास्ती आईला संग्रहालयाच्या पायरीपाशी अडवते, हे मला तोवर सुचले नव्हते.

म्हणून दुसऱ्या प्रयत्नासाठी मी प्रथम एकटीच गेले. महाराजबागेजवळचे मध्यवर्ती संग्रहालय आम्ही निवडले. १८६३ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय विदर्भातल्या जुन्या पिढीला ‘अजब बंगला’ या नावाने ठाऊक आहे. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे या नावाची आठवण अजून होती. लहानपणी खेड्यातून नागपूरला आल्यावर महाराजबागेतला वाघ आणि अजब बंगला पाहूनच परतायचे, असे दोन-तीन आजी-आजोबांनी सांगितले. मधल्या पिढीत मात्र हा धागा तुटला होता. मुलांचे आईवडील महाराजबागेत अनेकदा गेले होते, पण जवळच्या अजब बंगल्यात क्वचितच.

एकटीने दोनदा जाऊन मी काय पाहिले, तर वस्तूंपेक्षा वेगळ्याच गोष्टी पाहिल्या. प्रसाधनगृह कोणत्या बाजूला आहे, पिण्याचे पाणी कोठे मिळते, कोणत्या दालनात जमिनीवर गोल करून बसता येईल, पायऱ्या किती आहेत, अंगावर पिणारे मूल असलेल्या आईला आडोसा कोठे मिळेल. बसस्थानकांवर आता हिरकणी कक्ष दिसतात. संग्रहालयांतही तशी एक खुर्ची आणि पडदा असावा, असे मला तेव्हापासून तळमळीने वाटते. त्यानंतर मी गुडघ्यांवर बसून प्रत्येक काचकपाटाकडे पाहिले. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर असते, म्हणजे त्याचे डोळे त्याहूनही खाली असतात; मोठ्यांच्या नजरेला सोयीच्या उंचीवर मांडलेली वस्तू त्याला खालच्या बाजूने, काचेच्या चमकेसह दिसते, किंवा दिसतच नाही. पहिल्या सहलीतले ते मूल काचेला का चिकटले, हे मला गुडघे टेकल्यावर समजले. त्याच संध्याकाळी मी बाजारातून प्लास्टिकचे एक बुटके, रुंद स्टूल विकत घेतले.

मग रीतसर अर्ज केला. किती कुटुंबे, मुलांची वये, दिवस, वेळ, आणि दोन विनंत्या: एका जागी जमिनीवर बसण्याची परवानगी मिळावी आणि स्टूल आत नेऊ द्यावे. दोन्ही विनंत्या मान्य झाल्या. हे मुद्दाम लिहिते, कारण आधी जाऊन बोलले, की माणसे मदत करतात, हा अनुभव मला नंतरही पुन्हा पुन्हा आला. जो कर्मचारी गर्दीच्या दिवशी ओरडतो, त्यालाच आदल्या दिवशी मुलांची संख्या आणि वये सांगितली, तर तो त्यांची वाट पाहत उभा असतो.

वस्तीत तयारीही वेगळी केली. रांगा रद्द केल्या. दहाच कुटुंबे न्यायची आणि प्रत्येक मूल आपल्या माणसाचा हात धरून जाईल, असे ठरवले. एका फेरीत फक्त तीन गोष्टी पाहायच्या: एक प्राणी किंवा पक्षी, एक हत्यार किंवा अवजार, आणि एक घरातली वस्तू. सगळे पाहून घेण्याचा हव्यास मोठ्यांचा असतो; पैसे देऊन आलो आहोत, तर पाहून घ्या, असे आपण मुलांना ओढत नेतो आणि अर्ध्या तासात त्यांचे डोळे पाहणे सोडून देतात. आठवडाभर आधी मी पुठ्ठ्यावर काढलेली तीन चित्रे घरोघर दिली, म्हणजे मुलांना आत जाऊन ती शोधता यावीत. आणि प्रत्येक आईला त्या तीन गोष्टींविषयी आधीच थोडे सांगून ठेवले. उत्तर न येण्याची धास्ती ज्या आईने बोलून दाखवली होती, तिला मी सांगितले, की उत्तर आले नाही, तर “चाल, इचारून पाहू” एवढे म्हणायचे. तेही उत्तरच आहे.

अवजार म्हणून मी तांब्याची कुऱ्हाड निवडली होती आणि तिच्यामागची गोष्ट ओट्यावर सांगितली होती. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, गुंगेरिया गावाजवळ १८७० मध्ये गुरे चारायला गेलेल्या मुलांना जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला आणि तिथे खणल्यावर तांब्याची ४२४ हत्यारे-अवजारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे सापडले, ज्यांतल्या काहींचा आकार शिंगे असलेल्या बैलाच्या तोंडासारखा होता. हा निधी पुढे वाटला गेला आणि त्यातला काही भाग नागपूरच्या संग्रहालयात आला. ही गोष्ट मुलांना अशी भिडली, की मला आश्चर्य वाटले, आणि मग वाटले नाही. शोधणारी मुलेच होती, राजे नव्हते. शिवाय नागपूरच्या मुलाला बैलाविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल दोरीने ओढत घरोघर हिंडलेल्या मुलांना चांदीचा बैल कोणी जमिनीत का पुरला असेल, याचा विचार आपोआप करावासा वाटला. “चोरापासून लपवला असंन,” एक म्हणाला. “नाई, त्याचा बैल मेला असंन,” दुसरी म्हणाली. पाच वर्षांच्या मुलीचे हे उत्तर मी वहीत लिहून ठेवले आहे.

डिसेंबरमधल्या एका मंगळवारी, कामांच्या मधल्या त्या तीन तासांत, आम्ही गेलो. डबे, पाणी आणि संत्री घेतली होती. आधी महाराजबागेच्या बाजूला झाडाखाली बसून खाल्ले, सगळ्यांना प्रसाधनगृहात नेऊन आणले आणि मगच आत शिरलो. भुकेले किंवा शू लागलेले मूल कोणतीही वस्तू पाहत नाही, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. सहली आखणाऱ्यांनाच त्याचा विसर पडतो.

निसर्गविषयक दालनात पेंढा भरलेल्या पक्ष्यांपुढे स्टूल ठेवले आणि मुले एकामागून एक वर चढली. एका मुलाने आईला विचारले, “हा मेला काय?” आई म्हणाली, हो. “मंग उभा कसा?” आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, की आपण कोंबडी साफ करतो, तसे याच्या पोटातले काढून आत भुसा भरला असेल. मुलाने लगेच पुढचा प्रश्न टाकला, “मंग डोये कोनाचे?” आई थांबली. माझ्याकडे पाहिले, पण मी काही बोलले नाही. मग ती स्वतःच जवळच्या कर्मचाऱ्याकडे गेली आणि “इचारून पाहते” म्हणत तिने विचारले. डोळे काचेचे बसवतात, असे त्याने सांगितले आणि तो आपणहून पुढे येऊन आणखी एक पक्षी दाखवू लागला. ही तीच आई होती, जिने पहिल्या सहलीत मुलाला धपाटा घातला होता.

त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटे आत होतो आणि तीनच गोष्टी पाहिल्या. आदिवासी जीवनाच्या दालनातून जाताना मात्र ठरवलेले नसतानाही दोन बायका थांबल्या, कारण तिथल्या वस्तू त्यांच्या माहेरच्या होत्या. त्यांच्या बोलण्यात मला जागा नव्हती, म्हणून मी बाजूला उभी राहिले.

ओळखीच्या वस्तूंपाशी बायका आपणहून बोलत्या होतात, याची खात्री पुढच्या महिन्यात मोतीबागेला गेलो तेव्हा पटली. सातपुड्यातल्या छोट्या रेल्वेचे रूळ अडीच फूट रुंद, म्हणजे ७६२ मिलिमीटर. नागपूर-छिंदवाडा मार्गावरची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली आणि उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला जाणारी २०१९ मध्ये. मोठ्या रुळांसाठी त्या बंद झाल्या. मुलांसाठी तिथली लहान गाडी हेच आकर्षण होते आणि त्यांनी दोन फेऱ्या मारून घेतल्या. पण माझ्या दृष्टीने खरा प्रसंग जुन्या इंजिनापाशी घडला. आमच्यातली एक आई भिवापूरकडची. एरवी ती वर्गात आली, की दारापाशी उभी राहून निघून जाते. ते इंजिन पाहून तिने मुलीला जवळ घेतले आणि सांगायला लागली: लग्नानंतर ती याच छोट्या गाडीने नागपूरला आली होती, डब्यात मिरचीची पोती होती आणि खकाण्याने सगळे वऱ्हाड शिंकत होते, तिचा भाऊ खिडकीतून हात बाहेर काढून झाडांची पाने तोडू पाहत होता आणि आई त्याला रागावत होती. हळूहळू दुसऱ्यांची मुलेही तिच्याभोवती जमली. कोणी विचारले, गाडीत संडास होता का. कोणी विचारले, रात्री दिवा होता का. तिने प्रत्येकाला उत्तर दिले. अर्धा तास ती बोलत होती आणि कोणतेही मूल हलले नाही.

माझ्या सगळ्या कामाचे सार मला त्या अर्ध्या तासात मिळाले, असे मी म्हणेन. तोवर मी आयांना मुलांच्या सोबतीला नेत होते. त्यांना बोलण्यासारखे जिथे काही आहे, अशी जागा निवडावी, हे मला सुचले नव्हते. मुलाला संग्रहालयाची ओढ बाईंच्या माहितीने लागत नाही. आपल्या आईला येथले काही माहीत आहे, हे दिसले, की लागते.

गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात अनुभव निराळा आला. १९९२ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात उपकरणे हाताळून पाहायची असतात, पण आमची मुले आधीच्या दोन महिन्यांत हात लावायचा नाही, हे इतके शिकली होती, की कळ दाबण्याआधी प्रत्येक जण मागे वळून आईकडे पाहत होता. आणि आया माझ्याकडे पाहत होत्या. एका आजोबांनी पुढे होऊन स्वतः एक दांडा फिरवला, तेव्हा सगळ्यांना धीर आला. नंतर तिथून मुलांना बाहेर काढणे हेच अवघड काम होऊन बसले. तारांगणात मात्र दिवे मालवताच तीन वर्षांची दोन मुले भेदरून रडू लागली. आम्ही दाराजवळ बसलो होतो, म्हणून त्यांच्या आया लगेच बाहेर जाऊ शकल्या. चारच्या आतल्या मुलांना अंधाराच्या कार्यक्रमात नेऊ नये, हे मी त्यानंतर पाळते. त्या दोघी आयांचा तो कार्यक्रम हुकला, याची मात्र मला रुखरुख आहे. आयुष्यात प्रथमच त्या तारांगणात आल्या होत्या.

येण्याजाण्याचा प्रश्न पूर्ण सुटला असे नाही. २०२२ च्या डिसेंबरपासून मेट्रो कामठी मार्गावर ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत धावते आणि झिरो माइल किंवा सीताबर्डीला उतरता येते, याची आम्हांला मोठी मदत झाली. गाडीत चढणे हीच मुलांची निम्मी सहल होती. परंतु स्थानकापासूनचे शेवटचे अंतर दोन मुले आणि एक डब्याची पिशवी घेऊन चालणाऱ्या बाईला फार असते. काही कुटुंबे गळलीही. एका आईला एका घरी उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचे पैसे कापले गेले आणि ती पुन्हा आली नाही. मी भरपाई देऊ केली, ती तिने घेतली नाही. त्या घरी जाऊन मी बोलावे का, याचा बराच विचार केला. शेवटी तिच्याच इच्छेवरून गेले नाही. वडिलांना आणण्यातही मला फारसे यश आले नाही. वर्षभरात चारच वडील आले, पण ते आले, की मुले काही वेगळीच खुलतात, हे मी पाहिले.

बाहेरच्या देशांत याबाबत काय करतात, ते मी याच काळात वाचले. ब्रिटनमध्ये २००१ पासून राष्ट्रीय संग्रहालयांना प्रवेशशुल्क नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमात सरकारी अन्नसाहाय्याचे कार्ड दाखवले, की कुटुंबातल्या चार जणांपर्यंत प्रत्येकाला मोफत किंवा फार तर तीन डॉलरमध्ये प्रवेश मिळतो. मला ही कल्पना आवडली आणि राशनकार्डावर असे काही मागावे का, हे मी ओट्यावर विचारले. बायकांनी एकमुखाने नाही म्हटले. एकीने विचारले, “पोट्ट्याईसमोर खिडकीवर राशनकार्ड काढाचं काय? त्यापेक्षा तिकीटच काढतो आमी.” तिचे म्हणणे मला पटले. सवलत द्यायची असेल, तर तिचा कागद अंगणवाडी किंवा शाळेतून घरी आधीच पोहोचावा आणि तो सहाही दिवस, दुपारच्या वेळी चालावा. खिडकीपाशी, मुलांच्या देखत गरिबीचा पुरावा मागू नये.

जानेवारीअखेर मुलांनीच एक गोष्ट सुचवली. आपलेही संग्रहालय करू. समाजमंदिरात दोन दिवस आम्ही सतरंज्या अंथरून वस्तू मांडल्या. घरांतून आलेल्या त्या वस्तूंमध्ये एक जाते होते, पायलीचे माप होते, कोष्ट्याच्या घरातला हातमागाचा धोटा होता, छोट्या रेल्वेचे जपून ठेवलेले पुठ्ठ्याचे तिकीट होते आणि एका आजीच्या हातावरचे गोंदण होते, कारण ती म्हणाली, की तिच्याकडे जुने असे एवढेच उरले आहे, आणि ती स्वतःच खुर्ची मांडून बसली. मोठ्या मुलांनी पाट्या लिहिल्या. धोटा ज्यांच्या घरून आला होता, त्या आजोबांनी तो प्रत्येकाच्या हातात दिला; तिकिटावर मात्र मुलांनी स्वतःहून पारदर्शक प्लास्टिक घातले. घामाचे हात लागले, की कागद खराब होतो, हे मी त्यांना एकदाच सांगितले होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतले मूल तिकीट उचलायला गेले, तेव्हा आमच्या सहा वर्षांच्या मुलीने त्याला ओरडून मागे सारले नाही. “ते एकच हाय. फाटलं तर मंग कोनालेच नाई दिसनार,” असे सांगून तिने ते त्याच्या डोळ्यांजवळ धरले.

यानंतरची सहल मी आखलीच नाही. बायकांनी आपसांत वर्गणी काढून गाडी ठरवली आणि काटोल मार्गावरच्या चिचोलीच्या शांतिवनात जायचे ठरवले, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. मला त्यांनी पाहुणी म्हणून नेले. कोणी मुलांना गप्प बसा म्हणाले नाही, तरी मुले हळू बोलत होती, कारण आईवडील हळू बोलत होते. ज्या टंकलेखन यंत्रावर संविधानाचा मसुदा टंकलिखित झाल्याचे सांगितले जाते, त्याच्याविषयी एका रंगकाम करणाऱ्या वडिलांनी आपल्या मुलाला जे सांगितले, ते मी सांगितले असते तर इतके नेमके झाले नसते.

पहिल्या सहलीत धपाटा घालणारी ती आई फेब्रुवारीत एका दुपारी वर्गाच्या वेळेआधीच आली. आदल्या आठवड्यात दोन घरांची माणसे बाहेरगावी गेली होती आणि तिला एक दिवस मोकळा मिळाला होता. आपली दोन मुले आणि शेजारणीचे एक घेऊन ती एकटीच अजब बंगल्यात जाऊन आली. शेजारणीच्या मुलाने काचेला हात टेकवला, तेव्हा तिथल्या माणसाने हटकले; ती म्हणाली, “तो नवा हाय जी, पयल्यांदा आला. मी सांगते त्याले.” आणि तिने त्याला उचलून कडेवर घेतले. बराच वेळ घेऊन पाहिल्यामुळे तिची कंबर दुखत होती. रविवारी तिला मोतीबागेला जायचे होते, या वेळी नवराही येणार होता. तिकीट किती, कसे जायचे, आत काय पाहायचे, यातले काहीच तिने मला विचारले नाही. फक्त ते बुटके स्टूल दोन दिवसांसाठी मिळेल का, एवढे विचारले आणि घेऊन गेली.